गरिफुना भाषेच्या किनाऱ्यावर

१५ नोव्हेंबर : बेलीझ सिटी ते डँग्रिगा

ह्यूस्टनहून विमानाने मध्य अमेरिकेतल्या बेलीझ देशातले बेलीझ सिटी गाठायला जेमतेम अडीच तास लागतात. तिथून दक्षिणेकडे जाणारी बस राजधानी बेल्मोपानमध्ये थोडी थांबते, मग हमिंगबर्ड महामार्गाने हिरव्यागार डोंगरांतून वळणे घेत उतरते आणि शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना संत्र्यांच्या बागा दिसू लागल्या की डँग्रिगा जवळ आले असे समजावे. पूर्वी स्टॅन क्रीक या नावाने ओळखले जाणारे हे समुद्राकाठचे गाव बेलीझमधल्या गरिफुना लोकांचे मुख्य केंद्र आहे.

ह्यूस्टनमध्ये दर रविवारी मी मुलांना मराठी शिकवते. घरात मराठी ऐकणारी पण उत्तर मात्र इंग्रजीत देणारी मुले समोर बसलेली असतात, त्यामुळे एखादी भाषा एका पिढीकडून दुसरीकडे जाताना नेमकी कुठे अडते, हा प्रश्न माझ्यासाठी रोजच्या कामाचा आहे. गरिफुना ही आरावाकन कुळातली भाषा. हे कुळ एके काळी कॅरिबियन बेटांपासून थेट बोलिव्हियापर्यंत पसरलेले होते. कोलंबस १४९२ मध्ये ज्या टायनो लोकांना भेटला, त्यांची भाषाही याच कुळातली. ती कधीच लोपली, पण तिच्यातला ‘बटाटा’ पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसला आहे. बेटांवरच्या आरावाकन भाषांपैकी आज जिवंत आहे ती फक्त गरिफुना, आणि तीही बेटांवर उरलेली नाही. होंडुरास, ग्वाटेमाला, बेलीझ आणि निकाराग्वा यांच्या किनाऱ्यांवर, म्हणजे जिथे तिला हद्दपार होऊन यावे लागले तिथे, ती टिकून आहे.

ज्या घरी उतरले त्या घरमालकीण बाईंनी दारातच ‘माबुइगा’ म्हणून स्वागत केले. संध्याकाळभर मी त्यांचे बोलणे ऐकत होते. बाई शेजारणीशी गरिफुनात बोलत, नातवंडांशी क्रिओलमध्ये, म्हणजे इंग्रजीतून घडलेल्या इथल्या भाषेत, आणि माझ्याशी इंग्रजीत. धाकटा नातू आजीचे गरिफुना वाक्य पूर्ण समजून घेऊन तिने सांगितलेली वस्तू आणून देई, पण तोंड उघडले की क्रिओलच. आमच्या रविवारच्या वर्गात दिसते तेच चित्र इथेही पाहायला मिळेल अशी कल्पना होतीच, पण पहिल्याच संध्याकाळी ते इतके स्पष्ट दिसेल असे वाटले नव्हते.

१६ नोव्हेंबर : गुलिसी संग्रहालय

गावाच्या वेशीपाशी मोठ्या ढोलांचे एक स्मारक आहे आणि तिथून पुढे, थोडे बाहेरच्या बाजूला, गुलिसी गरिफुना संग्रहालय आहे. ते २००४ मध्ये सुरू झाले. गुलिसी ही सातुये या नेत्याची मुलगी असल्याची परंपरा आहे आणि आपल्या तेरा मुलांसह ती या गावी येऊन राहिली असे सांगतात. संग्रहालय छोटेसे आहे, पण प्रत्येक फलकापाशी थांबून वाचावे असे आहे.

हा इतिहास सेंट व्हिन्सेंट बेटावर सुरू होतो. गरिफुना लोक आजही त्या बेटाला युरुमेन म्हणतात. तिथल्या आरावाकन बोलणाऱ्या लोकवस्तीत मुख्य भूमीवरून आलेले, वेगळ्या कुळातली भाषा बोलणारे कॅरिब लोक मिसळले, आणि पुढे सतराव्या शतकात फुटलेल्या गुलामवाहू जहाजांतून वाचलेले आणि शेजारच्या बेटांवरच्या मळ्यांतून पळून आलेले आफ्रिकी लोक त्यांच्यात सामावले. दिसायला आफ्रिकी, बोलायला आरावाकन असा हा समाज घडला आणि त्याने ब्रिटिशांना बेटाचा उत्तम जमिनीचा भाग दीर्घकाळ घेऊ दिला नाही. १४ मार्च १७९५ रोजी सातुये लढाईत मारला गेला. पुढच्या वर्षी ब्रिटिशांनी चार हजारांहून अधिक माणसांना पकडून बॅलिसो नावाच्या उजाड, पाणी नसलेल्या बेटावर ठेवले, आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास रोगराईने तिथेच मेली. उरलेल्यांना जहाजांत घालून एप्रिल १७९७ मध्ये होंडुराससमोरच्या रोआतान बेटावर उतरवण्यात आले. तेव्हा ते सुमारे दोन हजार होते. आज या भाषेचे जेवढे म्हणून बोलणारे आहेत ते जवळजवळ सगळे त्या दोन हजारांचे वंशज. बॅलिसोवरचा तो हिवाळा आणखी थोडा लांबला असता तर ही भाषा आज आपल्याला जुन्या शब्दकोशांतच भेटली असती.

तसे शब्दकोशही आहेत. रेमाँ ब्रतों या फ्रेंच डॉमिनिकन धर्मोपदेशकाने डॉमिनिका बेटावर राहून तिथल्या लोकांची भाषा टिपली आणि १६६५ मध्ये तिचा कोश छापला. डॉमिनिकावर ती भाषा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपली. सेंट व्हिन्सेंटवरही आज ती कुणाची मातृभाषा नाही. ज्यांना राहू दिले त्यांची भाषा गेली आणि ज्यांना हाकलले त्यांची राहिली, हे त्या फलकासमोर उभे राहून वाचताना मन फार अस्वस्थ होते.

रोआतानहून हे लोक मुख्य भूमीवर त्रुहियोला गेले आणि किनाऱ्याने पसरत राहिले. १८३२ मध्ये होंडुरासमधल्या यादवीत ते हरणाऱ्या पक्षाकडे सापडले, तेव्हा त्यांच्यातला एक मोठा गट बेलीझमध्ये आला. तो दिवस १९ नोव्हेंबर मानला जातो. होंडुरासमध्ये जन्मलेल्या थॉमस व्हिन्सेंट रामोस यांनी १९४१ मध्ये त्याचा उत्सव सुरू केला आणि १९७७ पासून देशभर त्या दिवशी सुट्टी असते. रामोस यांनी गरिफुनात स्तोत्रे लिहिली होती. संग्रहालयातून परतताना एका घरातून त्यांच्याच स्तोत्राची तालीम ऐकू येत असल्याचे सोबतच्या मुलीने सांगितले. तिला ते पूर्ण पाठ होते. अर्थ विचारल्यावर मात्र ती अर्ध्यावर थांबली.

१७ नोव्हेंबर : हॉपकिन्स

हॉपकिन्स हे डँग्रिगाच्या दक्षिणेला समुद्रकाठी वसलेले लांबट गाव आहे. जवळचे न्यूटाउन हे खेडे वादळाने उद्ध्वस्त झाल्यावर १९४२ मध्ये लोक इथे येऊन राहिले. बेलीझमध्ये लहान मुलांच्या तोंडी गरिफुना ऐकायची असेल तर हॉपकिन्सला जा, असे मला सगळ्यांनी सांगितले होते. ते खरेच आहे. वाळूत खेळणारी मुले एकमेकांवर ओरडत होती ती गरिफुनात, आणि भांडणाची भाषा जिथे तीच आहे तिथे तिचा जीव शाबूत आहे असे मी धरून चालते.

सकाळपासून दुपारपर्यंतचा वेळ एका अंगणात एरेबा होताना पाहण्यात गेला. एरेबा म्हणजे कसावाची रोटी. आपला उपवासाचा साबुदाणा ज्या कंदाच्या सत्त्वापासून बनतो तोच हा कंद, पण इथे रोटीसाठी घेतात ती त्याची कडू जात, आणि तिच्या रसात सायनाइड असते. कंद सोलून धुतले की एगीवर किसतात. एगी म्हणजे सुमारे हातभर लांबीची लाकडी फळी, आणि तिच्यात बारीक धारदार खडे ओळीने ठोकून बसवलेले असतात. दोन बायका समोरासमोर बसून, छातीशी फळी टेकवून, दोन्ही हातांनी कंद वरखाली ओढत होत्या आणि त्या तालावर गात होत्या. तो ओला पांढरा कीस मग रुगुमात भरला. रुगुमा म्हणजे वेताच्या पट्ट्यांनी तिरकी विणलेली, माणसाच्या उंचीहूनही लांब नळी. कीस भरताना ती आखूड आणि जाड होते; वरचे टोक तुळईला अडकवून खालच्या फासात दांडा घातला आणि त्यावर घरातला एक दांडगा मुलगा बसला की ती ताणून बारीक होते आणि रस पिळून निघतो. खाली ठेवलेल्या भांड्यात पिवळसर पाणी पडत होते आणि तळाशी पांढरे सत्त्व साचत होते. पूर्वी कपड्यांना खळ करायला तेच वापरत, असे एकीने सांगितले. पिळलेला कीस रात्रभर वाळू देतात, म्हणून आजच्या भाजणीसाठी कालचा तयार होता. तो हिबिसे या चाळणीतून चाळला आणि मोठ्या गोल लोखंडी तव्यावर कोरडाच पसरला. पाणी नाही, तेल नाही. उष्णतेने पीठ आपोआप धरते. छोट्या केरसुणीने वरचे सुटे पीठ झाडत, लाकडी फळीने कडा सारख्या करत त्या बाईने ती भलीमोठी रोटी एका झटक्यात उलटली. गार झाल्यावर ती पापडासारखी कडक होते आणि कित्येक आठवडे टिकते.

रुगुमा, एगी, हिबिसे या वस्तूंना क्रिओलमध्येही हीच नावे आहेत. त्यामुळे ज्या मुलाला गरिफुना येत नाही त्यालाही हे शब्द येतात. पण पिळण्याआधीचा कीस, पिळलेला कीस, चाळल्यावर वर उरलेला चोथा यांच्यासाठी त्या बायका जी वेगवेगळी नावे वापरत होत्या ती दांड्यावर बसलेल्या मुलाला सांगता आली नाहीत. त्याने ती आजीला विचारली, तिने सांगितली, आणि त्याने माझ्यासमोर ती दोनदा म्हणून पाहिली.

जेवायला हुडुत होते, म्हणजे कुटलेली केळी आणि नारळाच्या दुधातला मासा. कोकणातल्या माणसाला हे जेवण मुळीच परके वाटणार नाही. जेवताना मी बायका-पुरुषांच्या बोलण्यातल्या फरकाबद्दल विचारले आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. ‘मी’ म्हणायला बाई ‘नुगुया’ म्हणते, पुरुष ‘आऊ’ म्हणू शकतो. ‘तू’ला बाईचे ‘बुगुया’, पुरुषाचे ‘अमुरु’. बायकांचे शब्द आरावाकन आहेत, पुरुषांचे कॅरिब. बेटावर आलेल्या कॅरिब पुरुषांनी तिथल्या बायकांशी संसार केले, मुलांनी आईची भाषा उचलली आणि बापाच्या भाषेतले थोडे शब्द पुरुषांपुरते राहिले, असा त्याचा उलगडा परंपरेनेही दिला जातो आणि अभ्यासकही बहुतांशी तसाच करतात. आता असे शब्द मोजकेच उरले आहेत आणि दोघांनाही दोन्ही कळतात. याहून मला गुंगवून टाकणारी गोष्ट लिंगाची होती. ‘वेयु’ म्हणजे दिवस, हा शब्द बायकांच्या बोलण्यात पुल्लिंगी असतो आणि पुरुषांच्या बोलण्यात स्त्रीलिंगी. अमूर्त गोष्टींच्या नावांचे असेच होते. मराठीत ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यांत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदात उतरते, पण दिवसाचे लिंग बोलणाऱ्यागणिक बदलावे ही कल्पनाच आपल्याला सुचत नाही. ज्या भाषेने माणसाच्या बुद्धीची अशी एक वेगळीच शक्यता जपली आहे तिला ‘बोली’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

१८ नोव्हेंबर : पुन्हा डँग्रिगा

दुपारी घरमालकीण बाईंच्या ओटीवर गावातल्या एका शाळेच्या शिक्षिका मुलांकडून अंक म्हणून घेत होत्या. अबान, बियामा, उरुवा हे पहिले तीन बेटावरच्या जुन्या भाषांतले आणि पुढे गादुरु, सेंगु, सिसी, सेदु, विदु, नेफु, दिसी हे सगळे फ्रेंच, कारण सेंट व्हिन्सेंटवर त्यांचा व्यापार फ्रेंच वसाहतवाल्यांशी होता. ऐंशीला ‘गादुरु वेन’, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या हिशेबात चार विसा. मुलांनी ते सगळे न अडखळता म्हटले. मग शिक्षिकेने ‘का बिरी?’, म्हणजे ‘तुझे नाव काय?’ असे विचारले आणि मुलांनी आपापले नाव सांगून पुढे ‘निरी’ जोडले. नि- म्हणजे माझे, बि- तुझे, लि- त्याचे, ति- तिचे. नावाच्या शब्दाला हे एकेक अक्षर पुढून चिकटते. पहिल्या पुरुषाचा हा न्-कार बेटांपासून ॲमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत अनेक आरावाकन भाषांत सापडतो, आणि तो ओटीवरच्या सहा-सात वर्षांच्या मुलांच्या तोंडून ऐकताना मला फार आनंद झाला.

डँग्रिगात २००७ पासून गुलिसीच्याच नावाची एक प्राथमिक शाळा आहे आणि तिथे गरिफुना, इंग्रजी आणि स्पॅनिश या तिन्ही भाषा शिकवतात. युनेस्कोने २००१ मध्ये गरिफुनांची भाषा, नृत्य आणि संगीत यांना मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले, त्याआधी १९९३ मध्ये नॅशनल गरिफुना कौन्सिलने लोकांसाठी शब्दकोश काढला आणि लेखनाची एक ठरावीक पद्धत रूढ केली. शिक्षिकेच्या पिशवीत त्या कोशाची झिजलेली प्रत होती. संगीताला जगभर मान मिळाला याचा त्यांना अभिमान आहे, पण पाहुण्यांचे सारे लक्ष ढोलांकडेच जाते आणि भाषा त्यांच्या मागे झाकली जाते, असे त्यांचे म्हणणे पडले, आणि मला ते पटले.

ढोल मात्र रात्री सुरू झाले ते पहाटेपर्यंत थांबले नाहीत.

१९ नोव्हेंबर : आगमनाचा दिवस

सूर्य उगवताना माणसांनी भरलेल्या होड्या समुद्राकडून नदीच्या मुखाशी येतात. त्यांत ढोल असतात, कसावाच्या काड्या, केळीची पाने, भांडी आणि पिवळा-काळा-पांढरा झेंडा असतो. किनाऱ्यावर उभे असलेले लोक त्यांना उतरून घेतात आणि सगळे मिळून गात, नाचत चर्चकडे चालू लागतात. १८३२ चे आगमन असे दरवर्षी पुन्हा केले जाते. हा देखावा पर्यटकांसाठी नाही. माझ्या शेजारी उभी असलेली, न्यूयॉर्कहून खास या दिवसासाठी आलेली बाई हुंदके देत होती.

चर्चमधली प्रार्थना गरिफुनात झाली. धर्मगुरूंचे पठण, स्तोत्रे, लोकांची उत्तरे, सारे त्याच भाषेत, आणि साथीला ढोल आणि खुळखुळे. इथे मी एक गोष्ट लक्ष देऊन पाहिली. तिशीच्या आतली जी माणसे बाहेर अंगणात एकमेकांशी क्रिओल बोलत होती तीच आत गरिफुनात मोठ्याने उत्तरे देत होती. पूर्वजांसाठीचा दुगु नावाचा मोठा विधी असतो तेव्हाही असेच होते, असे घरमालकीण बाई म्हणाल्या. अमेरिकेतून नातेवाईक येतात, कित्येक दिवस विधी चालतो, आणि पूर्वजांना उद्देशून म्हणायची गाणी गरिफुनातच असतात. मराठी न बोलणारी आमच्याकडची मुलेही गणपतीत आरती खणखणीत म्हणतात, हे मला तिथे आठवल्याशिवाय राहिले नाही. पण आरतीवर भाषा किती दिवस जगेल, याबद्दल माझ्या मनात मोठी शंका आहे.

२० नोव्हेंबर : पुंटा गोर्डा

दिवसभर प्रवास. पुंटा गोर्डात फक्त रात्रीपुरता मुक्काम. इथल्या धक्क्यावरून ग्वाटेमालातल्या लिव्हिंग्स्टनला होड्या जातात आणि तिथेही गरिफुना वस्ती आहे.

२१ नोव्हेंबर : बरँको

बरँको हे बेलीझच्या किनाऱ्यावरचे अगदी दक्षिणेचे गाव. आठवड्यातून ठरावीक दिवशीच बस जाते. घरे थोडी, आणि त्यांतली कित्येक बंद. रस्त्यावर दिसली ती बहुतेक म्हातारी माणसे, आणि ती सगळी उत्तम गरिफुना बोलणारी. तरुण माणसे बेल्मोपान, लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क इथे आहेत.

ज्यांना भेटायला आले होते ते निवृत्त शिक्षक आहेत. मी त्यांना मनातल्या मनात गुरुजीच म्हणत होते. बेलीझमधल्या बहुतेक प्राथमिक शाळा चर्चच्या व्यवस्थापनाखाली चालत आल्या आहेत, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दूरदूरच्या माया खेड्यांत शिकवायला कॅथलिक मिशनने मोठ्या संख्येने पाठवले ते गरिफुना शिक्षकांना, कारण त्यांना अनेक भाषा येत आणि ते कुठेही जायला तयार असत. गुरुजींचे वडीलही त्यांतलेच. मुलांच्या कानावर चांगले इंग्रजी पडावे म्हणून ते घरीही इंग्रजी बोलत. शाळेत गरिफुना बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होई, आणि ती देणारे अनेकदा स्वतः गरिफुनाच असत. गुरुजी हे सांगताना कुणाला दोष देत नव्हते. त्या पगारावर आमची पिढी शिकली, असे ते म्हणाले. माझ्या मते या भाषेच्या पीछेहाटीचे कारण इथेच सापडते. ज्या घरांनी सर्वांत आधी शिक्षण घेतले, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवले, त्याच घरांत भाषा सर्वांत आधी थांबली, आणि गावात मान त्यांनाच असल्यामुळे बाकीच्यांनी त्यांचे पाहून तेच केले.

गायक अँडी पालासियो याच गावचे. १९८० मध्ये, विशीच्या आत असताना, ते निकाराग्वातल्या साक्षरता मोहिमेत गेले होते. तिथल्या ओरिनोको या गरिफुना खेड्यात त्यांना भाषा बोलणारी फक्त काही वृद्ध माणसे भेटली, आणि एक तरुण मुलगा आपल्याशी गरिफुनात बोलतो आहे यावर त्यांतल्या एका म्हाताऱ्याचा विश्वासच बसेना. आपल्या गावाचेही असेच होऊ शकते हे त्यांना तिथे कळले आणि त्यांनी पुढचे सारे आयुष्य गरिफुनात गाण्याला दिले. २००८ मध्ये वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले. गुरुजींना त्यांचे लहानपण आठवते.

शाळेत आठवड्याला एखादा तास ठेवून काय होईल, असे मी विचारले. तास हवाच, पण तो घेणारा माणूस वर्गाबाहेर मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो ते आधी पाहा, असे त्यांचे उत्तर होते. शिक्षकच जर तीस-पस्तिशीचे आणि स्वतः अर्धवट बोलणारे असतील तर त्यांना आधी हॉपकिन्ससारख्या गावात नेऊन ठेवावे, त्याच्या पगाराची सोय सरकारने करावी, अशी त्यांची ठाम मागणी आहे आणि ती त्यांनी अनेकांपुढे मांडली आहे.

परतीची बस दुसऱ्या दिवशी पहाटेची होती. संध्याकाळभर गुरुजींनी मला माशांची नावे सांगितली आणि मी ती लिहून घेतली. प्रत्येक नावाचे लेखन १९९३ च्या कोशातल्या पद्धतीप्रमाणेच झाले पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. एखाद्या शब्दात उ-कारावरचे दोन ठिपके राहिले तर ते वही ओढून घेऊन स्वतः देत. कोशात नसलेली नावे त्यांनी वेगळ्या पानावर लिहायला लावली आणि प्रत्येकापुढे तो मासा कोणत्या महिन्यात, किनाऱ्यापासून किती लांब मिळतो तेही सांगितले. या वहीची एक प्रत डँग्रिगाच्या संग्रहालयाला आणि एक लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या मुलीला पाठवायची असे ठरले आहे. दोन्ही पाठवल्या की झाडांची नावे घ्यायला ये, असे त्यांनी निघताना सांगितले.